तारपा, बिवा आणि विजेचा नाद

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे यांची आठवण होते. परंतु गेलेल्या काळांतील माणसांच्या कानांवर काय पडत होतें, याची नोंद बखरकार सहसा ठेवीत नाहींत. वास्तविक एका पिढीचें जग दुसऱ्या पिढीस परकें वाटूं लागतें तें पुष्कळदां नाद बदलल्यामुळेंच. घराघरांतलें जातें थांबलें आणि ओवी मुकी झाली; मळ्यांतली मोट थांबली आणि मोटेवरचें गाणें गेलें. यंत्र आलें कीं जुना नाद जावयाचाच, असा समज त्यावरून रूढ झाला आहे. हा समज कितपत खरा आहे, हें तपासून पाहावयाचें झाल्यास पालघर जिल्ह्याइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. मात्र त्या प्रश्नाचें उत्तर शोधीत निघालेल्या माणसास वाटेंत जपानांत मुक्काम करावा लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या निघालेल्या या जिल्ह्याला दोन आवाज आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागांतील आदिवासी पाड्यांवर नव्या भाताच्या दिवसांत तारपा घुमतो. तेथून समुद्राच्या बाजूस उतरावें तों बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांची घरघर रात्रंदिवस चाललेली असते, आणि पलीकडे तारापूरच्या किनाऱ्यावर अणुशक्तीपासून वीज तयार होते. या दोन आवाजांमधलें अंतर मोटारीनें कांहीं तासांचें आहे. परंतु इतिहासाच्या हिशेबानें पाहिलें तर त्यांच्यामध्यें कित्येक शतकें उभीं आहेत.

तारपा हें वाद्य शहरांतल्या वाचकांनीं बहुधा चित्रांतच पाहिलेलें असतें. त्याची घडण अशी: दुधी भोंपळा वाळवून आंतून पोकळ करतात. त्याच्या एका अंगास फुंकण्यासाठीं तोंड ठेवतात आणि दुसऱ्या अंगास बांबूच्या दोन नळ्या बसवितात. नळ्यांच्या आंत थरथरणाऱ्या पात्या असतात. त्यांना हवेचा धक्का लागला कीं नाद उत्पन्न होतो. सांधे मेणानें बुजवितात आणि शेवटीं ताडाच्या पानांची गुंडाळी करून कर्णा जोडतात. विकत घ्यावी अशी एकहि वस्तु या वाद्यांत नाहीं. सगळें रानांत, परसांत आणि मधमाशांच्या पोळ्यांत मिळतें. वाजविण्याची तऱ्हा मात्र सोपी नाहीं. वादक गालांत सांठविलेली हवा भोंपळ्यांत सोडीत असतांनाच नाकावाटे नवा श्वास घेतो, त्यामुळें नाद मध्येंच तुटत नाहीं. हा अखंड सूर म्हणजेच तारप्याचा प्राण. त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुष एकमेकांस धरून सांखळी करतात आणि गोलाकार फिरत राहतात. सुरांत फरक पडला कीं पावलेंहि बदलतात. तेव्हां तारपा हा नुसता साथीला नसतो. साऱ्या मंडळाची सूत्रें त्याच्याकडेच असतात.

आतां जपानकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानची नगरें जळून गेलीं होतीं, आणि त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, जें जें म्हणून जपानी तें तें तरुण मनांना नकोसें झालें होतें. लष्करशाहीनें स्वदेशाभिमानाचा इतका मारा केला होता कीं, जुनें संगीत कानीं पडलें तरी त्यांना युद्धाची आठवण व्हावी. तोरु ताकेमित्सु हा संगीतकार याच पिढीचा. त्याचा जन्म १९३० सालचा. १९४४ सालीं, वयाच्या चवदाव्या वर्षीं, त्यास युद्धाच्या कामावर घेण्यांत आलें. तेथील छावणींत एका अधिकाऱ्यानें चोरून लावलेली एक फ्रेंच गाण्याची तबकडी त्याच्या कानावर पडली, आणि संगीत म्हणून कांहीं निराळीच वस्तु जगांत आहे, असा त्याला साक्षात्कार झाला. पुढें तो बहुतेक स्वतःच्या बळावरच शिकला. १९५१ सालीं त्यानें आणि त्याच्या मित्रांनीं मिळून ‘जिक्केन कोबो’, म्हणजे प्रायोगिक कर्मशाळा, या नांवाची एक मंडळी उभी केली. या मंडळींची तोंडें पश्चिमेकडे होतीं. शाकुहाची आणि बिवा हीं घरचीं वाद्यें त्यांच्या खिजगणतींतहि नव्हतीं.

अशा वेळीं त्यांच्या हातीं एक नवें साधन आलें. जर्मनींतील कोलोन येथील नभोवाणीनें १९५१ सालीं इलेक्ट्रॉनिक संगीताची कर्मशाळा काढली होती. तिच्या धर्तीवर जपानी नभोवाणीनें १९५५ सालीं टोकियोंत तशीच कर्मशाळा स्थापिली. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सतारींत तार थरथरते, बांसरींत हवा थरथरते; येथें विजेचा प्रवाह थरथरतो. सेकंदास किती आंदोलनें व्हावयाचीं हें यंत्राच्या खुंटीनें ठरवावयाचें, नको असलेले स्वरांश गाळणीसारख्या यंत्रानें गाळून टाकावयाचे, आणि उरलेला नाद ध्वनिफितीवर उतरवून ती फीत कापावी, जोडावी, उलट फिरवावी, मंद करावी. दुसरी पद्धत अशी कीं, पाण्याचा थेंब, लांकडाचा तडाखा, मनुष्याचा उच्चार असे खरेखुरे आवाज फितीवर घ्यावयाचे आणि त्यांवर हेच संस्कार करावयाचे. ताकेमित्सुनें १९५६ सालीं मनुष्याच्या उच्चारांवर आणि १९६० सालीं पाण्याच्या आवाजांवर अशा रचना केल्या.

या उद्योगाचा परिणाम मात्र अपेक्षेच्या नेमका उलट झाला. यंत्र घेऊन बसलेले हे तरुण एकेक नाद तासन् तास ऐकूं लागले. त्याचा आरंभ कसा होतो, त्याच्या पोटांत किती स्वर दडलेले असतात, तो विरतो कसा, हें त्यांना यंत्रानें शिकविलें. आणि असा कान तयार झाल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सुरांच्या मांडणीहून एकट्या नादाच्या अंतरंगाकडे लक्ष देणारी विद्या आपल्या घरीं शेंकडों वर्षें नांदत आहे. तोशिरो मायुझुमी यानें बौद्ध मंदिरांतील घंटांच्या नादाचें पृथक्करण केलें, त्यांतील स्वरांश निरनिराळ्या वाद्यांना वांटून दिले, आणि १९५८ सालीं ‘निर्वाण’ नांवाची मोठी रचना वाद्यवृंद व पुरुषांचा गायकवर्ग यांच्याकरितां सिद्ध केली. जोजी युआसा यानें १९६१ सालीं ‘नो’ नाटकांतील पठण ध्वनिफितीवर घेऊन त्याच्याशीं यंत्रनादाची गांठ घातली. नाटक शतकांपूर्वींचें आणि साधन कालचें. तरी एकाला दुसऱ्याचा विटाळ झाला नाहीं.

ताकेमित्सुच्या बाबतींत हें परिवर्तन अधिक खोल गेलें. बिवा हें चार-पांच तारांचें, एका रुंद पातीनें छेडावयाचें वाद्य. आपल्याकडे शाहीर जसे पोवाडे गात तसे जपानांतले अंध बिवावादक प्राचीन काळच्या युद्धकथा गात फिरत. या वाद्याची एक खूण आहे. त्याची तार पडद्यावर मुद्दाम किंचित् घासेल अशी बसवितात. त्यामुळें स्वच्छ स्वराऐवजीं भुंग्याच्या गुंजारवासारखा एक झणकार निघतो. जपानी भाषेंत यास ‘सावारी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ स्पर्श असा आहे. हें वाचतांच महाराष्ट्रीय वाचकास आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवल्यावांचून राहणार नाहीं. शब्दांचें साम्य योगायोगाचें असेल, पण वस्तूचें साम्य खरें आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून जो भरदार, पसरट नाद काढतात, त्याचेंहि मूळ तारेच्या त्या ओझरत्या स्पर्शांतच आहे. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घांसून जवारी काढण्यांत पिढ्यान् पिढ्या नांवाजलेले आहेत, आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. पाश्चात्य वाद्यकार ज्या खरखरीस दोष समजून काढून टाकतो, तीच खरखर मिरजेंत आणि जपानांत गुण म्हणून जोपासली जाते.

हा गुण ताकेमित्सुला कळला तो ध्वनिफितीच्या अभ्यासानंतर. १९६४ च्या अखेरीस पडद्यावर आलेल्या ‘क्वायदान’ या चित्रपटांत एका अंध बिवावादकाची कथा आहे. त्यासाठीं त्यानें खऱ्या बिव्याचा नाद वापरला, आणि त्याच चित्रपटांत लांकूड फुटण्याचे आवाज फितीवर घेऊन, त्यांवर संस्कार करून, संगीताच्या जागीं योजिले. पुढें न्यूयॉर्कच्या प्रख्यात वाद्यवृंदानें आपल्या सव्वाशेंव्या वर्षानिमित्त त्याच्याकडे रचना मागितली. ९ नोव्हेंबर १९६७ रोजीं सेइजी ओझावा याच्या नेतृत्वाखालीं ती वाजली. ‘नोव्हेंबर स्टेप्स’ हें तिचें नांव. किन्शि त्सुरुता ही स्त्री बिवा घेऊन आणि कात्सुया योकोयामा हा बांबूची शाकुहाची घेऊन त्या भल्या मोठ्या वाद्यवृंदापुढें बसले. या रचनेचें मर्म असें कीं, तिच्यांत दोन संगीतांचें मिश्रण केलेलें नाहीं. वाद्यवृंद आपल्या जागीं आणि दोन जपानी वाद्यें आपल्या जागीं. वाद्यवृंद बराच वेळ गप्प बसतो आणि तीं दोनच बोलत राहतात. दुधांत पाणी मिसळलें म्हणजे दोन्ही नासतात. दोन नद्या मात्र संगमानंतरहि कांहीं अंतर वेगळ्या रंगानें वाहतांना दिसतात. ताकेमित्सुनें दुसरा मार्ग पत्करला.

स्वतःच्या परंपरेकडे पाहण्याची दृष्टि आपणांस अमेरिकन संगीतकार जॉन केज यानें दिली, असें ताकेमित्सुनें कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. केजचा शिष्य तोशी इचियानागी १९६१ सालीं जपानला परतला, आणि पुढच्याच वर्षीं केज स्वतः डेव्हिड ट्यूडर या वादकासह तेथें गेला. परंतु केजला पूर्वेची ओळख कोणी करून दिली? येथें गोष्ट हिंदुस्थानांत येते. १९४६ सालीं अहमदाबादच्या साराभाई घराण्यांतील गीता साराभाई पाश्चात्य संगीत समजून घेण्यासाठीं न्यूयॉर्कला गेल्या. त्या स्वतः पखवाज शिकलेल्या होत्या, आणि त्या काळीं एका स्त्रीनें पखवाजास हात घालणें ही लहान गोष्ट नव्हती. केजनें त्यांना आपलें शास्त्र शिकवावें आणि त्यांनीं केजला हिंदी संगीत शिकवावें, असा त्यांचा सौदा ठरला. फी कोणीच घ्यावयाची नाहीं. मन शांत करून तें ईश्वरी प्रेरणेस पात्र करणें हें संगीताचें प्रयोजन होय, हा आपल्या गुरूचा विचार त्यांनीं केजला सांगितला, आणि तो त्यानें जन्मभर मानला. जपानांतील सगळें नवें संगीत या एका संभाषणांतून निघालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्या ओढ्यांनीं ती नदी भरली त्यांतला एक ओढा अहमदाबादेहून वाहत गेला होता, एवढें निश्चित.

आतां १९६९ साल पाहावें. त्या वर्षाच्या २८ ऑक्टोबरपासून तारापूरचें अणुशक्ति केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागलें. हिंदुस्थानांतलें हें पहिलें अणुवीज केंद्र. त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळावयाची होती. त्या वेळीं अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. विक्रम साराभाई. आणि त्याच वर्षीं त्यांच्या भावाबहिणींनीं, म्हणजे गौतम व गिरा साराभाई यांनीं, उभारलेल्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत देशांतली पहिली इलेक्ट्रॉनिक संगीताची कर्मशाळा सुरू झाली. तिच्यासाठीं अमेरिकेहून मोग नांवाचें नादयंत्र आलें, आणि तें लावून देण्यासाठीं केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर हा स्वतः आला. एकाच घरांतलीं हीं भावंडें. एकाच्या देखरेखीखालीं तारापूरला अणूंतून वीज निघूं लागली आणि दुसऱ्यांच्या संस्थेंत विजेंतून नाद निघूं लागला. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा लोहमार्ग पालघर आणि बोईसर या स्थानकांवरूनच जातो. त्या वर्षीं नव्या हिंदुस्थानचीं दोन स्वप्नें या एकाच मार्गावर आकारास येत होतीं.

अहमदाबादच्या त्या कर्मशाळेंत गीता साराभाई यांच्यासह अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा या मंडळींनीं काम केलें. माथुर यांच्या एका रचनेचें नांव, मराठींत सांगावयाचें तर, ‘मीं एकदां तंबोरा वाजविला’ असें आहे. नांव साधें आहे, पण त्यांत साऱ्या प्रश्नाची नस सांपडते. यंत्रापुढें बसलेल्या माणसास पहिल्यानें आठवला तो तंबोरा. अतुल देसाई यांच्या ध्वनिफितींपैकीं कांहीं १९७० सालच्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनासाठीं केलेल्या होत्या. त्याच प्रदर्शनांत ताकेमित्सुचें संगीत पोलाद उद्योगाच्या मंडपांत वाजत होतें. ग्रीक संगीतकार झेनाकिस यानें टोकियोच्या नभोवाणींत तयार केलेली रचनाहि तेथेंच होती. आणि अहमदाबादेस यंत्र लावून गेलेला ट्यूडर दुसऱ्या एका मंडपांत काम करीत होता. अशा रीतीनें हिंदुस्थानचा आणि जपानचा नवा नाद त्या एका वर्षीं एका गांवीं येऊन पोंचला.

पुढें मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. टोकियोची कर्मशाळा कित्येक वर्षें चालली. तिच्यांतून निघालेलें संगीत नभोवाणीनें घरोघर पोंचविलें आणि चित्रपटांनीं गांवोगांव नेलें. अहमदाबादचें काम १९७२ च्या सुमारास थांबलें. फिती कपाटांत गेल्या. २०१७ सालीं पॉल पर्गस या इंग्रज कलावंतास त्या संस्थेच्या संग्रहांत सांपडल्या. २०२० सालीं इंग्लंडच्या नभोवाणीवर त्यांची हकीकत सांगितली गेली, आणि २०२३ सालीं त्या प्रसिद्ध झाल्या. म्हणजे जें संगीत १९६९ सालीं निर्माण झालें तें ऐकूं येण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला.

असें कां व्हावें? जपानांत या संगीताची पाठराखण खुद्द नभोवाणीनें केली होती. आपल्याकडे नभोवाणीचें धोरण याच्या उलट दिशेस झुकलेलें होतें. मार्च १९४० पासून आकाशवाणीनें पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली होती, आणि ती सैल झाली ती १९७० नंतरच्या वर्षांत. ज्या घरांत पेटीला मज्जाव, तेथें मोग यंत्रास पाट कोण मांडणार? अर्थात् पेटीवरचा आक्षेप निराधार नव्हता. तिचे स्वर ठोक्याठोक्याचे. मींड तिच्यांतून निघत नाहीं, आणि श्रुतींचें सूक्ष्म अंतर तिला दाखवितां येत नाहीं. हीच उणीव भरून काढण्यासाठीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीमखां यांच्या साह्यानें श्रुतींचीं मापें घेतलीं, १९१० सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या पुढाकारानें बावीस श्रुतींची पेटीहि तयार झाली. गंमत अशी कीं, देवलांना जें हवें होतें तें विजेच्या यंत्रांत अनायासें होतें. त्याचा स्वर वाटेल तेवढा सूक्ष्म चढवावा, उतरवावा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत न्यावा. या एका बाबतींत नवें यंत्र पेटीपेक्षां बीनेच्या अधिक जवळचें होतें. परंतु पेटीला बंदी घालणाऱ्यांचें आणि यंत्र आणणाऱ्यांचें कधीं एके ठिकाणीं बसणेंच झालें नाहीं.

शास्त्रज्ञांनीं आणि शास्त्रकारांनीं जें सोडलें तें मुंबईच्या चित्रपटसृष्टीनें उचललें. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटांत गारुड्याच्या पुंगीचा जो स्वर सगळ्या देशानें ऐकला, तो पुंगींतून निघालेला नव्हता. हेमंतकुमार यांच्या संगीतासाठीं कल्याणजी वीरजी शहा यांनीं क्लॅव्हायोलिन या फ्रेंच विजेच्या वाद्यावर तो काढला होता. ऐकणाऱ्या कोट्यवधि लोकांना तो अस्सल वाटला. पुंगी म्हणजे तरी काय? भोंपळा आणि त्यांत बसविलेल्या पातीच्या दोन नळ्या. तारप्याची धाकटी बहीणच ती. तेव्हां विजेच्या यंत्रानें आपल्या देशांत पहिला लोकप्रिय सूर काढला तो तारप्याच्या कुळांतलाच होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यानंतरचा टप्पाहि मुंबईचाच, आणि त्यांत पुन्हां ओसाका येते. १९७२ सालीं ओसाकांत रोलँड नांवाची वाद्ययंत्रांची कंपनी निघाली. तिचीं यंत्रें मुंबईचे चित्रपट-वादक चरणजितसिंग यांच्या हातीं आलीं. त्यांतलें एक तालाचें होतें, एक खर्जाचें होतें आणि तिसरें रागाच्या स्वरावलीसाठीं होतें. तीं तिन्ही एकमेकांस जोडून १९८२ सालीं त्यांनीं भैरवी, ललित, यमन, मालकंस इत्यादि दहा रागांची एक तबकडी काढली. खालीं अखंड खर्ज, त्यावर न थकणारा ताल आणि वर रागाची आलापी, अशी तिची बांधणी. त्या काळीं तिला कोणी विचारलें नाहीं. २०१० सालीं ती युरोपांत पुन्हां निघाली, आणि पाश्चात्य नृत्यगृहांत पुढें गाजलेल्या संगीताचें पूर्वरूप मुंबईंतच तयार झालें होतें, असें जाणते म्हणूं लागले. चरणजितसिंग यांना हें श्रेय हयातींत पाहतां आलें. २०१५ सालीं ते वारले. त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग बंगळूरचा. तेथें जी. राज नारायण यांनीं १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला. आज तो गायकाच्या पिशवींतून हिंडतो. सोयीचा आहे, स्वस्त आहे, पण मिरजेच्या जवारीची सर त्यास नाहीं, हें तो वापरणारेहि मान्य करतात.

एवढा फेरा करून पुन्हां पालघरला यावें. या जिल्ह्याच्या एका कलेचा नव्या साधनाशीं झालेला संबंध भाग्याचा ठरला आहे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर गेले. त्यांनीं वारल्यांना कागद आणि रंग दिले. कसें काढावें हें सांगितलें नाहीं. भिंतीवरचें चित्र कागदावर आलें, आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून तें जगभर पोंचलें. मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. जपानच्या निईगाता प्रांतांतील मिथिला संग्रहालयांत मिथिलेच्या चित्रांबरोबर वारली चित्रेंहि जतन केलेलीं आहेत. बर्फानें वेढलेल्या त्या जपानी गांवांत उभा राहिलेला प्रेक्षक भोंवऱ्यासारख्या फिरणाऱ्या नर्तकांची सांखळी पाहतो, तिच्या मध्यभागीं उभा असलेला तारपावादकहि पाहतो. पण त्याला तारपा ऐकूं येत नाहीं. चित्र सातासमुद्रापलीकडे गेलें आणि नाद मागें जव्हारच्या डोंगरांतच राहिला.

आणि तेथेंहि त्याची स्थिति नाजूक आहे. लग्नसराईंत आणि सणासमारंभांत ध्वनिवर्धकांच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहतात. त्यांच्यापुढें भोंपळ्याच्या वाद्यानें किती टिकावें? तरुण मुलें बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जातात. नाकानें श्वास घेत गालानें फुंकण्याची विद्या अंगीं मुरण्यास जीं वर्षें लागतात तीं देण्यास त्यांना सवड नाहीं. त्यांना दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. पोट कोणासहि चुकलेलें नाहीं. जव्हार तालुक्यांतील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट झाली. परंतु सन्मान हा माणसाचा होतो. विद्येचा वारसा त्यानें आपोआप चालत नाहीं.

येथें जपानचा धडा उपयोगी पडण्यासारखा आहे. टोकियोंत बिवा वांचला तो यंत्राला दूर ठेवून नव्हे, आणि यंत्रांत बुडवूनहि नव्हे. यंत्रानें कान तयार केला. त्या कानानें बिव्याची किंमत ओळखली. आणि मग संगीतकारानें त्सुरुतासारख्या जाणत्या वादकासच पुढें बसवून रचना केली. फितीवर घेतलेला तुकडा घेऊन तो स्वस्थ बसला नाहीं. उलट यंत्रानें पुंगीचा आवाज हुबेहूब काढला तेव्हां श्रोत्यांची करमणूक झाली, पण एकाहि गारुड्याची पुंगी त्यामुळें वांचली नाहीं. नकलेनें मूळ वस्तूची गरज संपते, संवादानें ती वाढते, असा भेद या दोन उदाहरणांवरून काढतां येतो. कुलकर्णी यांनीं डहाणूस चित्रांच्या बाबतींत जें केलें तेंहि याच दुसऱ्या जातीचें होतें: साधन नवें द्यावें, हात मात्र त्यांचाच राहूं द्यावा.

तारप्याच्या ठायीं अशा संवादाची सामग्री भरपूर आहे. त्याचा अखंड सूर, त्यांतली पातीची खरखर, सुरानुसार पावलें बदलणारें मंडळ, हीं सारीं नव्या संगीतकारास आव्हान देणारीं आहेत. ज्या जिल्ह्यांत अणूपासून वीज निघते त्याच जिल्ह्यांत हा भोंपळाहि पिकतो. एकाच मातींत दोन्ही नांदत असतां त्यांची ओळख व्हावयास ओसाकापर्यंत जाण्याची गरज नाहीं. मात्र ती करून देणाऱ्यानें प्रथम पाड्यावर जावें, वादकापुढें बसावें आणि पुष्कळ वेळ नुसतें ऐकावें. नवा नाद निर्माण करणें त्यानंतरचें काम आहे. आणि जुना वादक हयात आहे तोंवरच तें करून घेण्यासारखें आहे.